फिटर आरामाला गेला

कराडच्या संगमावर संध्याकाळी आम्ही तिघं बसतो. पलटणीतून रिटायर झालेला सुभेदार, कवठे महांकाळची मेंढरं आणि रान भावावर सोपवून पोराकडे राहायला आलेला शिवाअण्णा, आणि साखर कारखान्यात चौतीस वर्षं फिटर असलेला मी, रंगराव. माणूस चार दिवस परमुलखात राहून आला की त्याच्यापाशी किस्से साचतात, टाकीच्या तळाला गाळ साचतो तसे. वरून पाणी स्वच्छ दिसतं, हात घातला की कळतं किती आहे. मी पोर्तुगालातल्या पोर्तो शहरात पाच आठवडे एकटा राहून आलो. आता हे दोघं रोज एक किस्सा काढायला लावतात आणि पोट धरून हसतात. हसण्यासारखं आहेच. मला मात्र अजून हसू येत नाही.

---

गेलो का, तर माणसांना भिऊन. माघात बायको गेली. तेव्हापासून दुखवट्याला येणाऱ्यांची रीघ. आमच्याकडची रीत अशी, की आलेला माणूस पाणी पिऊन झालं की खाली बघत विचारतो, "कसं झालं वो?" मग आपण पहिल्यापासून सांगायचं. सकाळी छातीत कळ आली, गाडी मिळेना, तिथून शेवटपर्यंत सगळं. तो उठला की दुसरा. पुन्हा सकाळी छातीत कळ.

म्हसवडचे एक लांबचे पाहुणे तीन महिन्यांनी आले. मी दमलो होतो, थोडक्यात उरकलं. पाहुणे हलेनात. म्हणाले, "मधलं ऱ्हायलं की. डाक्टर बाहीर येऊन काय म्हनलं? मेव्हणा सांगत हुता, तितंच लय वाईट वाटतं."

मी ते मधलं सांगितलं. सांगताना लक्षात आलं, की डॉक्टर बाहेर आले म्हटल्यावर मी थांबतो. बायका तिथं डोळ्याला पदर लावतात, म्हणून थांबतो. पाठ झालं होतं मला. त्या दिवशी माझीच मला किळस आली.

पोराला फोन केला. अमर तिकडं पोर्तोत नोकरीला. म्हणाला, "आबा, मी दोन महिने दुसऱ्या देशात कामावर हाय, फ्लॅट रिकामाच पडलाय. तुमी जाऊन निवांत राहा. तितं तुमाला कोन काय इचारनार न्हाई." मला तेवढंच पाहिजे होतं. तिच्याबद्दल कुणी काही विचारू नये.

---

आराम म्हणजे काय, हे मला तिथं कळलं. सकाळी उठायचं, भात-आमटी करायची, नदीकाठच्या बाकावर जाऊन बसायचं. नदी मोठी, बोटी जातात, समुद्रपक्षी ओरडतात. कुणी ओळखत नाही.

आठव्या दिवशी सुभेदाराचा व्हिडिओ कॉल आला.

"काय चाललंय रं?"

"बसलोय."

"आनि मग?"

"मग काय, बसलोय."

सुभेदारानं फोन अण्णाकडे फिरवला. अण्णानं मागची नदी नीट पाहिली आणि म्हणाला, "गड्या, पान्याकडं बघत बसाय इतक्या लांब गेलास व्हय? हितं काय पानी आटलं हुतं?"

फोन ठेवला. अण्णाचं खरं होतं. घरी होतो तेव्हा वाटायचं, कुणी विचारू नये. इथं आठ दिवसांत एका माणसानं विचारलं नव्हतं, आणि ती जणू दुसऱ्यांदा गेली होती.

---

अमरच्या बिल्डिंगचं खालचं लोखंडी गेट उघडताना किंचाळायचं. फिटरला आवाज सहन होत नाही. मी बिजागरी सोडवली, घासली, तेल दिलं. गेट असं फिरायला लागलं की बोटानं ढकलावं. बऱ्याच दिवसांनी काहीतरी नीट केल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दारात वरच्या मजल्यावरच्या मारियाबाई. ऐंशीच्या घरातल्या, काळा स्कर्ट, हातात फोन. त्या फोनमध्ये बोलल्या आणि फोन मराठीत बोलला, "तुम्ही माझ्या गेटला काय केलं?"

मी छाती काढून सांगितलं, दुरुस्त केलं.

बाई खुर्चीत बसल्या. फोननं एकेक वाक्य सांगितलं. त्यांना रोज जिना उतरवत नाही. गेट वाजलं की कळतं, कोण कामाला गेलं, कोण परत आलं. नवरा होता तेव्हापासून त्या कान देऊन असतात. काल दिवसभर गेट वाजलं नाही. त्यांना वाटलं, सगळी माणसं कुठं गेली.

मी खाली गेलो. कुंडीतली वाळू घेऊन बिजागरीत भरली. चौतीस वर्षांत यंत्राचा आवाज घालवला होता, घातला पहिल्यांदाच. गेट किंचाळलं तशी वरून खिडकी उघडली आणि बाईंनी हात हलवला.

---

तिसऱ्या आठवड्यात रस्त्यानं एक मयत चाललेलं. पुढं काळी गाडी, मागं पंधरा-वीस माणसं चालत. आपल्याकडं मयत आडवं आलं की त्याच्यासोबत चार पावलं जावं लागतं. मी गेलो. चार पावलांनी मागं फिरावं, तर मागं आणखी माणसं आलेली. मग चालत राहिलो, थेट कबरस्तानापर्यंत. सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली. मीही टाकली.

नंतर घरच्यांनी रांगेनं हात मिळवले. मेलेल्याची मुलगी मला बघून थबकली. बापाचा हा कोण दोस्त, तिला कळेना. तिनं काहीतरी विचारलं. मला उत्तर देता येईना, तशी तिनं मला मिठी मारली आणि रडली.

सुभेदाराला हा किस्सा लय आवडतो. "दुसऱ्याच्या मयताला फुडं," म्हणतो. मी त्याला सांगितलेलं नाही, की बायकोला नेलं त्या दिवशी मी भावाच्या सुनेला चहाची साखर काढून देत होतो, भावकीतलं कोण आलं नाही ते बघत होतो, लाकडं ओली निघाली म्हणून भांडत होतो. नुसतं उभं राहायला मिळालं ते त्या परक्या माणसाच्या खड्ड्यापाशी.

---

शेवटच्या आठवड्यात मारियाबाईंनी वर बोलावलं. कॉफी दिली. भिंतीवर नवऱ्याचा फोटो. बाईंनी फोटोकडं बोट केलं, मग माझ्याकडं, आणि फोननं विचारलं, "तुमची बायको?"

म्हणालो, "गेली. माघात."

कसं झालं, ते त्यांनी विचारलं नाही. एक चिठ्ठी आणि पेन पुढं सारलं. त्यांच्या चर्चमध्ये रविवारी गेलेल्या माणसांची नावं वाचतात. लिहून द्या म्हणाल्या.

छत्तीस वर्षांच्या संसारात मी तिला नावानं हाक मारली नाही. आमच्यात मारत नाहीत. दवाखान्याचे कागदही भावाच्या पोरानंच भरले. पेन हातात आलं, त्यांना वाचता यावं म्हणून इंग्रजी अक्षरं काढायला घेतली, आणि हातानं सवयीनं लिहिलं, 'अमरची आई'. बाईंनी चिठ्ठी घडी घालून पाकिटात ठेवली. परत मागायला मला तोंड झालं नाही.

रविवारी त्यांच्या भाच्यानं आम्हाला गाडीतून नेलं. पाद्री नावं वाचत गेला. चार-पाच तिकडची नावं झाली. मग तो थांबला, चष्मा सावरला आणि सावकाश वाचलं, "अमरची आई." सगळं चर्च उभं होतं. सगळ्यांनी मिळून काहीतरी म्हटलं. मारियाबाईंनी माझा हात धरून तेच नाव हळूच पुन्हा म्हटलं. मी मान हलवली.

हे परवा संगमावर सांगितलं. अण्णाला हसून ठसका लागला. सुभेदार हसला नाही. मग म्हणाला, "रंगा, आता घे की नाव."

मी म्हटलं, "आता कुणाला ऐकवायचंय?"

"आमी हाय की. घे."

अण्णाही जवळ सरकला. मी इकडंतिकडं बघितलं आणि घेतलं.

सुभेदारानं कानामागं हात धरला. त्याचे डोळे भरले होते.

"ऐकू आलं न्हाई," तो म्हणाला.