विहीणबाईंची आंबील

माझी धाकटी जाऊ लग्न होऊन आली तेव्हा मला त्या घरात सहा वर्षं झाली होती. कणगीत भात किती उरलं, सुकट कुठल्या मडक्यात ठेवली, वाल कधी भिजत घालायचे, हे सगळं मी बघत असे. सासू नुसती मान हलवायची. जाऊ मुरबाडच्या अंगाची, काळू नदीपलीकडच्या डोंगराकडेच्या वाडीतली. माहेराहून तिने दोन लुगडी आणि एक सूप आणलं होतं. तिच्यावर जळावं असं तिच्याजवळ काहीच नाही, असं मी मनाशी म्हणत असे.

लढाईचे दिवस होते. मुंबईत धान्य रेशनवर मिळायचं. चैत्र सरता सरता मुंबईत दिलेल्या नणंदेचा निरोप आला की ती, तिचा नवरा आणि तिची सासू आठ दिवसांसाठी येताहेत. विहीणबाई पहिल्यांदाच आमच्याकडे राहणार होत्या. मी त्याच दिवशी कामाला लागले. जुना तांदूळ निवडून वेगळा काढला. पोहे कांडले, पापड लाटून वाळवले, वड्यांची भरड दळली, शहापूरच्या बाजारातून गूळ आणि खोबरं आणवलं. दोन कोंबड्या डालग्यातून बाहेर सोडायच्या बंद केल्या. आठ दिवसांची जेवणं मनाशी ठरवली. पहिल्या रात्री कोंबडी-वडे, दुसऱ्या दिवशी वालाचं बिरडं, मग फणसाची भाजी, आणि निघायच्या आदल्या दिवशी तांदळाची खीर.

जाऊ म्हणाली, "मी काय करू, बाय?"

"तू पानी भर," मी म्हटलं.

वाशिंद स्टेशनावरून बैलगाडी दिवेलागणीला आली. उन्हाने विहीणबाईंचं पोट बिघडलं होतं. पानावरचे वडे बघून त्या म्हणाल्या, "पोरी, झकास केलंस गो, पन माज्या घशाखाली नाय जायचं." मी पान उचलायला वाकले तोवर जाऊ चुलीपाशी गेली होती. तिने नाचणीचं पीठ ताकात कालवून आंबील शिजवली आणि वर लसूण-जिरं घातलं. विहीणबाईंनी दोन वाट्या घेतल्या आणि पडल्या पडल्या त्यांना झोप लागली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा तीच मागितली. तिसऱ्या दिवशी नणंदही म्हणाली, "मला पन दे वायच." माझं बिरडं सगळ्यांनी खाल्लं, पण त्याबद्दल कुणी शब्द काढला नाही. जावयाने पहिल्या रात्री आठ वडे खाल्ले होते, ते मी धरलंच नाही. माझे कान फक्त विहीणबाईंकडे होते आणि त्यांच्या तोंडी एकच होतं, "धाकटीच्या हाताला चव हाय."

चौथ्या दिवशी दुपारी सगळी आडवी झाली असताना मी नाचणीचं मडकं उचललं आणि गोठ्यात पेंढ्याखाली लपवलं. संध्याकाळी सासूला सांगितलं, "नाचनी संपली."

"परवा तर अर्धं मडकं व्हतं."

"रोज आंबील करायची तर उरंल कशी?"

शेजारून उसनी आणावी तर सासूला ते नको होतं. पाहुण्यांसाठी उसनं मागितलं हे विहिणीच्या कानावर गेलं तर काय म्हणेल, असं ती म्हणाली. जाऊने सगळं ऐकलं.

सकाळी ती घरात नव्हती. दुपारी ऊन डोक्यावर असताना आली. डोक्यावर गाठोडं, टाचेत काटा मोडलेला. सासूला तेवढं सांगून ती पहाटे निघाली होती. तीन कोस चालत माहेरी गेली आणि आईकडून पायलीभर नाचणी घेऊन परत आली. विहीणबाईंनी तिला आपल्याजवळ बसवलं आणि पदराने तिचं तोंड पुसलं. त्या घरात सहा वर्षांत माझं तोंड कुणी पुसलं नव्हतं. मी आत जाऊन चुलीत उगाचच लाकडं सारत बसले.

दुसऱ्या दिवशी सासू गाईला पेंढा घालायला गेली आणि तिने मला हाक मारली. ती मडक्याशेजारी उभी होती.

"पावने गेल्यावर घरात आन," ती म्हणाली. "तवर कुनाला कळू देऊ नको."

ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

निघताना विहीणबाईंनी दोघींना सारखेच खण दिले. मग माझा हात धरून म्हणाल्या, "आठ दिस सगळं वेळच्या वेळी पानावर आलं. तू लय दमलीस, मी बघत व्हते." मी वाकून नमस्कार केला.

गाडी गेल्यावर मी गोठ्यातून मडकं आणलं. जाऊ जात्यापाशी बसली होती. तिने मडक्याकडे पाहिलं आणि दळण चालूच ठेवलं. मीच म्हटलं, "हे गोठ्यात व्हतं."

"मला ठावं व्हतं. शेन काढायला मीच जाते ना."

"मग तीन कोस का गेलीस?"

"मी आनलं असतं तर तुमाला सगळ्यांम्होरं काय सांगाया लागलं असतं?" मग ती म्हणाली, "आन् आयेला भेटून पन चार म्हयने झाले व्हते."

मी तिच्यासमोर बसले आणि जात्याच्या खुंट्याला हात लावला. माफी मी मागितली नाही. त्या दिवसापासून कणगीपाशी जाताना तिला बरोबर न्यायला लागले, एवढंच.

माझा जळफळाट काही एका दिवसात विझला नाही. पुढच्या वर्षी माझा भाऊ राहायला येणार होता, तेव्हा मी तिला म्हटलं, "घारगे तू कर." तिने केले. ते टम्म फुगले, भावाने मागून मागून खाल्ले, आणि माझ्या माहेरच्या माणसानेही तिचंच कौतुक करावं हे मला मुळीच आवडलं नाही. पण या वेळी तिला गूळ किसून मीच दिला होता.