सखूबाईंच्या बांधावरचं पांढरं फूल

खतं-बियाण्यांच्या दुकानात बसलं की किस्से शोधावे लागत नाहीत. गिऱ्हाईकच पिशवीत घालून आणतं. आता हेच बघा.

सखूबाईंचा मुलगा ज्ञानदेव एक बोटभर रोप घेऊन आला. पानाच्या बेचक्यात इवली पांढरी फुलं. "शेठ, बांधावर उगवलंय. ह्याला काय मारू?"
शेजारी बसलेले आमचे निवृत्त जाधव गुरुजी उसळले. "मारतोस काय? आधी नाव तरी विचार त्याचं!"

गुरुजींनी दांडी माझ्या बोटांत दिली. "फिरवा." फिरेना, अडखळली.
"चौकोनी! तुळशीच्या घराण्यातली बरं का!"
मी नववीपर्यंत शिकलेला माणूस, पण नाद लागला. घरी कोथिंबिरीच्याही दांड्या फिरवायला लागलो. बायको म्हणाली, "निवडायला दिलीय, खेळायला नाही!"

मग मोबाईलला विचारलं. पहिल्या फोटोला म्हणाला, पुदिना. दुसऱ्याला, मुळा. तिसऱ्या फोटोत माझा अंगठाच मोठा आला. म्हणाला, आलं!

गुरुजींचं मत, हा तुंबा नावाच्या रानतणाचा कुणी दुर्मिळ भाऊबंद. "इतका बुटका तुंबा असतो का कुठं?" पण खात्री करायची तर फुलाखालचा पेला वाळू द्यायचा आणि त्याचे दात मोजायचे. तोवर बांध वाचायला हवा. गुरुजी सखूबाईंकडे गेले.
"गुरुजी, तुमच्या फुलापायी बांधाचं गवत माझ्या ज्वारीत उतरंल."
"अहो, अख्ख्या तालुक्यात एवढंच असेल!"
"बरं. दिवाळीपतूर ठिवते."

आठवड्यात ज्ञानदेव गुपचूप दुकानात. "शेठ, तणनाशक द्या."
"कुठं मारणार?"
"बांधावर."
"संपलं."
"मागं खोकी दिसत्यात की!"
"ती शेतात मारायची. बांधाची संपली!"
आलेलं गिऱ्हाईक आयुष्यात पहिल्यांदा परत पाठवलं, राव!

दिवाळी झाली. गुरुजी भिंग घेऊन बांधावर बसले. दात मोजले, पुन्हा मोजले. चेहरा उतरला. मुरमात वाढून खुरटलेला साधा तुंबा! ओढ्याकाठी हवा तेवढा.
आता सखूबाईंना काय सांगायचं? मी म्हटलं, "गप्प बसा." पण गुरुजी ते! सरळ म्हणाले, "बाई, चुकलो. हे साधंच आहे. खुशाल काढा."
"साधं हाय व्हय? असू द्या, राखता राखता लळा लागलाय." सखूबाईंनी वाळलेली बोंडं तोडून ओटीत घेतली. तळहातावर चुरत, बी टाकत बांधानं निघाल्या. बांध संपला तरी थांबेनात.
गुरुजी ओरडले, "अहो, तो बांध शेजाऱ्याचा!"
मागं न बघता सखूबाई म्हणाल्या, "त्याला कशाला सांगताय?"