मूळ गायक नसलेला बँड

लोक जमिनीवरून भांडतात, आम्ही दोघे एका गायकावरून भांडलो. तोही इंग्रज, आणि त्याला आमचा पत्ताही नव्हता.

जर्मनीत आखनला शिकताना आम्ही एका घरात राहायचो. दोघेही पुण्याचे, आणि दोघांनाही एकाच पंक बँडचं वेड. गाणी इतकी मोठ्यांदा लावायचो की खालच्या आजीबाई छताला झाडू ठोकायच्या. बँड तेव्हाच म्हातारा होता. आम्ही जन्मायच्या आधीच त्यांची एक फाटाफूट आणि एक दिलजमाई उरकली होती. ड्रमर तर भाडेकरूंसारखे येत-जात असत. पण ते जवळच्या कोलोनला आले की आम्ही ट्रेन पकडून जायचोच आणि अगदी पुढे उभे राहायचो.

मग मूळ गायक सोडून गेला आणि त्यांनी नवा घेतला.

"संपलं," मित्र म्हणाला. "आता हा गणपतीतला ऑर्केस्ट्रा झाला."

"गाणी तीच आहेत ना? मग बँड तोच," मी म्हणालो.

पोहे खाताखाता सुरू झालेला वाद एकमेकांची अक्कल काढण्यापर्यंत गेला. तो बशी तशीच टाकून उठला आणि त्याच आठवड्यात दुसरीकडे राहायला गेला. त्याने फोन केला नाही, मीही केला नाही. दोघेही पुणेरी, माघार घेणार कोण? पुढे मला बॉनला नोकरी लागली, लग्नं झाली, आणि आमची मैत्री दिवाळीच्या ग्रुप मेसेजवर अंगठ्याचा इमोजी टाकण्यापुरती उरली.

बँड मात्र येत राहिला. मीही जात राहिलो, एकटा. भोवती माझ्यासारखेच पंक: चामडी जाकीट, कानात बोळे, गुडघ्याला पट्टा. नवा गायक आता जुना झाला होता आणि चांगला गात होता. पण खरं सांगतो, मजा येत नव्हती. एखादा सूर घसरला की हसून कोणाकडे बघावं, हेच कळायचं नाही.

यंदा मुख्य कार्यक्रमाआधीच्या मध्यंतरात बिअरच्या रांगेत मागून आवाज आला, "भावजी?"

वहिनी होत्या, मित्राची बायको. मी चाटच पडलो.

"तुम्ही इथे कशा? त्याला तर हा बँड चालत नाही."

"चालत नाही कसला! दरवेळी येतात. मागे भिंतीपाशी उभे राहतात. मी म्हणते, पुढे जाऊन बोला. तर म्हणतात, तो नाचतोय, नाचू दे."

मला राग यायला हवा होता. इतकी वर्षं हा माझ्या पाठीमागे उभा होता! पण मी बिअरच्या रांगेतला नंबर सोडून दिला.

"तर मग, आता तुम्हीच जा," वहिनी म्हणाल्या. "त्यांच्याच्याने नाही व्हायचं ते."

मी गेलो. तो भिंतीला टेकून उभा होता. केस गेले होते, पोट आलं होतं. मला पाहून त्याने जरा सरकून जागा केली.

"हा काही गायक नाही," तो म्हणाला.

"मग येतोस कशाला?"

तो स्टेजकडेच बघत होता. "तू आलायस का, ते बघायला."

दिवे मालवले आणि पहिलं गाणं सुरू झालं. मी पुढे गेलो नाही.