किसनची बोटं

बदली गिटारीसाठी हवी आहे, हे कंपनीत सांगायची सोय नव्हती. पिंपरीच्या एका कारखान्यात किसन ग्राइंडिंगला होता. पूर्ण शिफ्टभर हात यंत्र थंड ठेवणाऱ्या कूलंटच्या दुधाळ पाण्यात. तारा दाबून दाबून बोटांना घट्टे पडावे लागतात, आणि याचे रविवारी पडलेले घट्टे आठवडाभरात भिजून सोलून निघायचे. खडकीच्या एका बँडवाल्याकडून त्यानं जुनी गिटार आणली, नव्या तारा चढवल्या, अंगठा कुठं ठेवायचा तेही शिकला. पण तार दाबली की रक्त. "ही बोटं कंपनीची झालीत, राव," तो चिडून म्हणायचा.

साहेबाच्या मागं लागून लागून शेवटी त्यानं पत्रे ठोकायच्या प्रेसशॉपला बदली मिळवली. तिथं सगळं कोरडं. बोटं कडक झाली, हात तारांवर नुसता पळायला लागला. आमच्या भीमगीतांच्या पार्टीत मी ढोलकीला, मीसुद्धा थक्क झालो.

पण प्रेसच्या दणक्यांनी त्याचे कान गेले. परत बदली मागितली, तर साहेब हसून म्हणाला, "तूच मागून घेतलीस ना?"

एकोणऐंशी सालच्या भीमजयंतीला पिंपळे गुरवला आमचा कार्यक्रम होता. सूर जुळवताना किसन तारांकडं बघतच नव्हता. समोर बसलेली त्याची बायको चतुराबाई हातानं खुणावत होती, आणखी पिळा, आता जरा सैल. तिनं मान हलवली तसा तो सुटला. इतकं चांगलं त्यानं कधीच वाजवलं नव्हतं.

"कसं वाजलं रे?" शेवटचं गाणं संपताच त्यानं मला विचारलं.

मांडवात टाळ्या अजून चालूच होत्या.