वाशीचं वाणसामान आणि महाबळेश्वर

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ह्यांना क्रेडिट कार्ड मिळालं. खरेदीवर पॉइंट मिळायचे आणि पुरेसे साठले की महाबळेश्वरच्या हॉटेलात दोन रात्री फुकट. पनवेलच्या आमच्या वाण्याकडे कार्ड चालत नसे, म्हणून दोन वर्षं आम्ही महिन्याचं सामान वाशीहून बसने आणलं. पिशव्यांचे बंद बोटांत रुतायचे.

शेवटी खोली मिळाली. पोचल्यावर हे आडवे झाले, ते थेट दुसऱ्या दुपारी उठले.

"बाबांना उठव ना, तळ्यावर बोटीत बसायचंय," मुलगी म्हणाली.

"झोपू दे गं त्यांना."

तिला घेऊन मीच निघाले, पण जिन्यातच मटकन बसले.

"आई, तूही झोप," ती म्हणाली.

मी खरंच झोपले. तळं तिने परतीच्या बसमधून पाहिलं.