दाय म्हणजे काय, हे मी समजावलं तेव्हा

शहाणपणा करायला गेलो आणि कसा तोंडावर आपटलो, ते सांगतो. चहा घ्या तोवर.

मी मोखाड्याजवळच्या एका पाड्यावर शिक्षक. मूळचा जव्हारचा. शब्दांचं मला वेड. कुठलाही शब्द दिसला की तो आला कुठून, हे चारचौघांना सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. बायको याला आजार म्हणते.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या शाळेच्या ओट्यावर वारस नोंदीचं शिबिर होतं. तलाठी भाऊसाहेब म्हणाले, वारसानं येणारी मिळकत म्हणजे काय, ते लोकांना जरा समजावा. दोन वाक्यांचं काम. पण मी कसला थांबतोय? सांगितलं, मंडळी, याला जुना शब्द आहे दाय. संस्कृतात 'दा' म्हणजे देणे. वाडवडील मागे देऊन जातात तो दाय, आणि त्यात वाटा असणारा तो दायाद. शेवटी ऐटीत बजावलं, "दुपारपर्यंत ज्यानं त्यानं आपल्या दायाची माहिती आणा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, काय समजावलंय आपण!

दुपारी पाहतो तर ओट्यापुढे गर्दी, आणि मधोमध दोघींच्या खांद्यांवर हात ठेवून एक म्हातारी उभी. एकजण पुढे येऊन म्हणाला, "गुरुजी, माहिती कशाला? दाईलाच आणली."

दाई म्हणजे सुईण. आसपासच्या चार पाड्यांची बाळंतपणं हिच्याच हातची. माझ्या एका शब्दापायी ती भर उन्हात टेकडी उतरून आली होती. भाऊसाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी वहीत तोंड घातलं.

आता हिला परत कसं पाठवायचं? तेवढ्यात पार्वतीबाईंचा अर्ज निघाला. वडील वारलेले, भाताचं एकच शेत. चुलतभावाची हरकत होती, की ही काकांची मुलगीच नाही, काकूनं पहिल्या नवऱ्याच्या घरून आणलेली. जन्माचा दाखला नाही, शाळेचाही नाही. पार्वतीबाई पदराचं टोक पिळत उभ्या.

म्हातारी कुणी न विचारताच बोलली. "हिचा बापच मला बोलवाया आला. भाताची आवणी चालू होती, रोपं लावायची सोडून चिखलाच्या पायानं पळत आला. त्याच्याच घरात जन्मली ही, पायाळू." मग ती चुलतभावाकडे वळली. "तू हिच्यामागून दोन होळ्यांनी. रडत नव्हतास. मी थापटी मारली तेव्हा रडलास."

त्यानं मान खाली घातली आणि हरकत मागे घेतली.

म्हातारी मात्र थांबेना. गर्दीत एकेकाकडे बोट दाखवत गेली. कोण कुणाचं, कुठल्या घरात झालं, तेव्हा शेतात काय उभं होतं, कुणाचं जुळं गेलं. एकदाही अडखळली नाही. भाऊसाहेब तिचा जबाब लिहिता लिहिता कधी उभे राहिले, त्यांनाही कळलं नाही.

पंचांच्या सह्या झाल्या. पुढे रीतसर पार्वतीबाईंचं नाव सातबाऱ्यावर लागलं.

'दाई' हा शब्द वेगळ्याच मुळातून आलाय, हे सांगायला माझी जीभ वळवळत होती. आयुष्यात पहिल्यांदा मी ती आवरली.

निघताना म्हातारीनं विचारलं, "गुरुजी, तुझी दाई कोण रे?"

मला माहीत नव्हतं. संध्याकाळी जव्हारला आईला फोन लावला.

आई म्हणाली, "अरे, आपल्या मागच्या घरातली म्हातारी. जिच्या बोरीला दगड मारून पळायचास ना, तीच."