थांबाबाईंचा कोल्हा

सिनेमा ऐन रंगात आला की आमच्या विज्ञानाच्या बाई तो मुद्दाम बंद पाडायच्या. कोल्हा सशावर झेप घेणार, अख्खा वर्ग श्वास रोखून बसलेला, आणि बाई लॅपटॉपचं बटण दाबून म्हणायच्या, "थांबा." म्हणून त्या थांबाबाई. दिवा गावातल्या आमच्या शाळेत त्यांचं खरं नाव फारसं कुणाला आठवायचंच नाही.

ते कार्टून होतं. जंगलातले प्राणी सभा भरवून कोल्ह्याला हाकलून देतात, इथवर बघून आम्ही बाकं बडवली. बाईंनी चित्र थांबवलं. "झाल्या टाळ्या? कोल्हा गेला, ससे वाढले. आता एवढे सगळे खाणार काय?"

"चायनीज, बाई!" मागून कुणीतरी ओरडलं. बाईही हसल्या, पण नीट उत्तर आल्याशिवाय सिनेमा पुढे सरकला नाही. गवत, ससा, कोल्हा, ही अन्नसाखळी मी पुस्तकातून शिकलेच नाही. त्या अडून बसलेल्या पडद्याकडे बघत शिकले.

माझे पप्पा रिक्षा चालवतात. त्यांना हे पटायचं नाही. "कार्टून घरी दिसत नाही का? त्यासाठी शाळा कशाला?"

एका दुपारी, कोल्ह्याला परत बोलवावं की नाही यावर वर्गात भांडण जुंपलेलं, तेवढ्यात शाळेमागच्या आमच्या चाळीतून आईची किंकाळी आली. दोन दिवसांनी नळाला पाणी आलेलं, म्हणून ती माझ्या तान्ह्या बहिणीला, छकुलीला, झोळीत झोपवून हंडे घेऊन गेलेली. परतली तर दारातून साप आत शिरताना दिसला. मी धावले, माझ्यामागे बाई आणि अर्धा वर्ग.

पप्पा जेवायला घरी येत होते, ते आमच्या आधी पोचलेले. दाराबाहेर ते आणि शेजारचे काका लोक, सगळ्यांच्या हातात काठ्या. साप पाण्याच्या ड्रमांमागे, आणि ड्रमांच्या अगदी बाजूला झोळी. पप्पा उंबऱ्यावर काठी आपटत होते.

"आपटू नका," बाई म्हणाल्या. "तो झोळीकडे सरकतोय."

"बाई, तुमचं पिक्चर शाळेत दाखवा! माझी पोर आत आहे!"

"विषारी आहे का हो?" आईने विचारलं.

"धामण वाटतेय, म्हणजे बिनविषारी. पण नक्की नाही सांगता येत."

बाईंना एखादी गोष्ट नक्की माहीत नाही, हे मी पहिल्यांदाच ऐकलं. बाईंनी पदर खोचला आणि त्या आत गेल्या. अगदी हळू. ड्रमांमागून फुत्कार आला तशा जागीच थबकल्या, मग पुन्हा निघाल्या. झोपलेल्या छकुलीला उचलून छातीशी धरलं आणि ड्रमांवरची नजर न काढता उलट पावली बाहेर आल्या.

आईने पोर घेतली तशी पप्पांनी काठी उचलली. बाई दारातच उभ्या राहिल्या.

"आता कसली घाई? गेल्या महिन्यात पाण्याच्या मोटारीचा पाइप कुणी कुरतडला? उंदरांनीच ना? हा मेल्यावर ते उंदीर कोण खाणार, तुम्ही?"

एका काकांनी फोन लावला. कल्याणहून सर्पमित्र येईपर्यंत बाई दारातून हलल्या नाहीत. धामणच निघाली.

तरी चाळीत बोंब झालीच. बाईंनी पोरांना सापासमोर नेलं, कार्टून दाखवून अभ्यास बुडवतात. पालकसभेत एकच ओरडा, बाईंना काढा. बाई मान खाली घालून बसलेल्या. पप्पा उठले तेव्हा मला वाटलं, आता हेही तेच बोलणार.

"आम्ही बाप्ये काठ्या घेऊन बाहेर उभे होतो," पप्पा म्हणाले. "आत बाई गेल्या. त्यांना काढणार असाल तर आधी माझ्या पोरीचा दाखला द्या."

बाई राहिल्या. माझी दहावी झाल्यावर त्या ठाण्याच्या शाळेत गेल्या. पुढे मी प्राणिशास्त्रात पदवी घेतली. आमच्या घराण्यातली ती पहिली पदवी, आणि हे मी कुठेही मान ताठ ठेवून सांगते. निकालाचे पेढे घेऊन ठाण्याला बाईंकडे गेले, तेव्हा इतकी वर्षं मनात असलेलं विचारलं. "बाई, त्या दिवशी इतक्या शांतपणे, हळूहळू कशा चालत गेलात? भीती नाही वाटली?"

"शांतपणे कसली," बाई पेढा मोडत म्हणाल्या. "पाय इतके लटपटत होते गं, त्याहून भरभर चालताच येईना."